फळाचा गाभा आणि फळकोरणी

स्वयंपाकघरातील लहानसहान हत्यारांकडे आपण फारसे लक्ष देत नाही. विळी, खवणी, किसणी, अडकित्ता ही आपल्या हातांस इतकी सवयीची झालेली असतात की त्यांच्या रचनेमागे काही शास्त्र असेल, हा विचारही मनास शिवत नाही. परंतु एखादे नवे हत्यार घरात आले म्हणजे मात्र अडचण पडते. ते कसे धरावे, कोणत्या फळास लावावे, कोणत्या फळास लावू नये, हे सांगणारी वडीलधारी पिढी त्या हत्यारापुरती अस्तित्वात नसते. फळाचा गाभा काढण्याची नळी हे असेच एक हत्यार आहे. दातकोरणी, कानकोरणी या आपल्या जुन्या शब्दांच्या चालीवर प्रस्तुत लेखात आपण त्यास ‘फळकोरणी’ म्हणू.

हे हत्यार दिसावयास अगदी साधे असते. हाताच्या वितीएवढी लांबी, एका टोकास मूठ व दुसऱ्या टोकास सुमारे दोन सेंटिमीटर व्यासाची पोलादी नळी. नळीच्या तोंडाशी धार अथवा करवतीसारखे बारीक दाते असतात. ती फळाच्या मधोमध खुपसून फिरविली की देठ, बिया आणि बियांभोवतीचे कठीण आवरण हे सर्व एका दांडीच्या आकारात बाहेर येते व फळ अखंड राहते. एवढ्याशा कामासाठी स्वतंत्र लेख कशास, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, या एवढ्याशा कामात महागड्या फळाचा पाव हिस्सा वाया जाऊ शकतो, आणि अयोग्य रीतीने केल्यास तळहातास खोल जखमही होऊ शकते.

तीन नावे आणि एक गैरसमज

छत्तीसगडातील रायपूरहून धमतरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर अभनपूर हे गाव आहे. रायपूर-धमतरी या अरुंद मार्गाच्या छोट्या आगगाडीचा फाटा येथूनच राजिमकडे वळत असे. आता तेथे रुंद मार्ग झाला असून अभनपूर ते रायपूर ही प्रवासी गाडी ३० मार्च २०२५ रोजी सुरू झाली. या प्रदेशाशी मराठी भाषेचा संबंध जुना आहे. अठराव्या शतकात छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांच्या सत्तेखाली आले, आणि १८५४ मध्ये ते राज्य इंग्रजांनी खालसा केल्यानंतरही अनेक मराठी कुटुंबे रायपूर व त्याच्या आसपासच्या मुलखात राहिली. अशा घरांत मराठी, हिंदी आणि छत्तीसगढी या तिन्ही भाषा एकाच चुलीभोवती नांदतात. त्यामुळे एकाच फळास घरातील तीन माणसे तीन नावांनी हाक मारतात.

पेरूचेच उदाहरण घ्या. मराठीत तो पेरू, हिंदीत अमरूद आणि छत्तीसगढीत बिही अथवा जाम. यांतील पहिल्या तीन नावांचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. फारसी भाषेत ‘अमरूद’ म्हणजे नासपती. ‘बिही’ हे फारसीतील एका वेगळ्याच, सफरचंदाच्या कुळातील, पिवळ्या सुगंधी फळाचे नाव. आणि आपल्या ‘पेरू’ या शब्दाचा संबंधही पोर्तुगीज भाषेतील नासपतीच्या ‘पेरा’ या नावाशी जोडला जातो. पेरू हे मूळचे अमेरिका खंडातील फळ. ते नव्याने पाहणाऱ्या लोकांनी त्याचा बाहेरील आकार पाहिला, आपल्या ओळखीच्या नासपतीची त्यांना आठवण झाली आणि तेच नाव त्यांनी त्यास दिले.

बाहेरून हे साम्य खरे आहे. आतून मात्र नाही. फळकोरणी हाती घेणाऱ्या माणसाने ध्यानात ठेवावयाची पहिली गोष्ट हीच. हत्यार फळाच्या सालीशी नव्हे, तर त्याच्या अंतरंगाशी जुळावयास हवे.

फळाच्या आत काय असते

सफरचंद आडवे कापून पाहावे. मधोमध पाच पाकळ्यांची एक सुरेख चांदणी दिसते. हे पाच कप्पे होत. प्रत्येक कप्प्यात साधारणतः दोन बिया असतात आणि कप्प्यांच्या भिंती कागदासारख्या चिवट असतात. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने खरे फळ ते हेच, कारण फुलातील बीजकोशापासून ते बनते. आपण ज्याचा गर म्हणून आवडीने खातो तो भाग बीजकोशाभोवतालचा, फुलाच्या तळाचा फुगलेला भाग आहे. म्हणजे आपण जो टाकून देतो तो गाभा हेच शास्त्रीय अर्थाने फळ, आणि खातो ते त्याचे मांसल वेष्टन.

सफरचंद व नासपती या दोहोंत हा गाभा एका सरळ रेषेत, देठापासून तळापर्यंत, मधोमध असतो. फळकोरणीची नळी सरळ आहे ती याच कारणासाठी. नासपतीच्या गाभ्याभोवती वाळूसारखे जे कण दाताखाली येतात ते दगडी पेशींचे पुंजके होत. तेही नळीबरोबर बऱ्याच अंशी निघून येतात.

आता पेरू कापून पहा. त्यास ना कप्प्यांची कठीण चौकट, ना सरळ दांडा. बाहेर जाड गराचे कवच आणि आत बियांनी भरलेला मऊ, गोल गोळा. या गोळ्याचा व्यास नळीच्या व्यासाहून कितीतरी मोठा असतो. त्यात नळी घातली तर मधल्या काही बिया निघतात, पुष्कळशा आतच राहतात आणि फळ मात्र चेंगरते. पेरूसाठी योग्य रीत म्हणजे त्याचे दोन भाग करून साध्या चमच्याने बियांचा गर काढणे. तो गरही टाकू नये. त्यात जेली घट्ट करणारे पेक्टिन असते. थोडे पाणी घालून शिजवून चाळणीतून गाळल्यास बिया मागे राहतात. पेरूची साल काढण्याचेही कारण नाही, कारण त्यातील क जीवनसत्त्वाचे प्रमाण सालीत व सालीलगतच्या गरात सर्वांत अधिक असते.

आवळ्याची गोष्ट आणखी निराळी. त्याच्या कठीण बीवर सहा कंगोरे असतात आणि फळावर बाहेरून दिसणाऱ्या सहा रेषा त्यांच्याशी जुळतात. कच्च्या आवळ्यातून नळीने बी काढणे हे बळाचे व धोक्याचे काम होय. तोच आवळा वाफवला की त्या सहा रेषांवर आपोआप उकलतो आणि बी बोटांनी सुटते. निसर्गाने जेथे सांधा ठेवला आहे तेथे हत्यार चालविण्याची गरज नसते.

उलटपक्षी, भाज्यांमध्ये ही नळी अनपेक्षित उपयोगी पडते. भरल्या कारल्यासाठी कारल्याचे दोन्ही शेंडे कापून नळी आत सरकवली की बिया व आतील गर निघतो आणि पोट न चिरता मसाला भरता येतो. त्यासाठी कारले सरळ व नळीहून पुरेसे जाड असावे. वाकड्या कारल्यास मात्र उभी चीर देणेच बरे. अननसाच्या मधला दांडा हाही वस्तुतः गाभाच आहे, परंतु तो त्या फळपुंजाचा मूळ देठ होय. त्यासाठी अधिक रुंद व लांब नळी लागते. सफरचंदाच्या नळीने ते काम करू जाऊ नये.

धार, दाब आणि पीळ

नळीने फळ कापले जाते ते कशामुळे? आपण हाताने लावलेले बल धारेच्या अत्यंत लहान क्षेत्रफळावर एकवटते म्हणून. समजा, नळीचा व्यास दोन सेंटिमीटर आहे. तिच्या धारेची लांबी, म्हणजे परीघ, सुमारे ६३ मिलिमीटर भरेल. धार बोथट होऊन अर्धा मिलिमीटर जाड झाली असेल, तर फळास टेकणारे क्षेत्रफळ सुमारे ३१ चौरस मिलिमीटर होते. तीच धार तीक्ष्ण असून तिची जाडी याच्या एकदशांश असेल, तर क्षेत्रफळ अवघे तीन चौरस मिलिमीटर राहते. हाताचे बल तेच, परंतु दाब दहापट. म्हणून बोथट हत्यार अधिक सुरक्षित, ही समजूत चुकीची आहे. बोथट नळीस अधिक जोर लावावा लागतो, आणि जोर लावलेला हात घसरला म्हणजे तो आवरता येत नाही.

नळीच्या तोंडाशी दाते असतील तर ती नुसती दाबू नये. दाबीत असतानाच डावी-उजवीकडे फिरवावी. मग प्रत्येक दाता करवतीप्रमाणे तंतू कापीत जातो. मूठ आडवी असेल तर हे काम आणखी सोपे होते. दहा सेंटिमीटर लांबीच्या आडव्या मुठीची टोके मध्यापासून पाच सेंटिमीटरवर असतात आणि धार मध्यापासून एकच सेंटिमीटरवर. तरफेच्या नियमानुसार हाताने लावलेले पिळाचे बल धारेपाशी पाचपट होते.

दोन सेंटिमीटर की तीन?

सफरचंदास थंडीचा दीर्घ काळ लागतो; उन्हाळ्यात चाळीस अंशांच्या वर तापणाऱ्या छत्तीसगडच्या मैदानात ते व्यापारी प्रमाणावर होत नाही. ते काश्मीर अथवा हिमाचल प्रदेशातून येते. हिमाचलातील कोटगढ भागात सॅम्युअल स्टोक्स यांनी १९१६ च्या सुमारास अमेरिकेतील सफरचंदाची कलमे लावली आणि तेथील बागाईतीस नवे वळण मिळाले. इतक्या दुरून आलेले फळ अभनपूरच्या बाजारात पेरूच्या भावाने मिळत नाही, हे उघड आहे. तेव्हा गाभ्याबरोबर किती गर जातो, याचा हिशेब गृहिणीने अवश्य करावा.

सात सेंटिमीटर व्यासाचे सफरचंद गोल मानले तर त्याचे घनफळ सुमारे १८० घन सेंटिमीटर होते. दोन सेंटिमीटर व्यासाच्या नळीने काढलेली दांडी सुमारे २२ घन सेंटिमीटरची असते. म्हणजे फळाचा सुमारे आठवा हिस्सा. तीन सेंटिमीटर व्यासाची नळी वापरली तर हीच दांडी सुमारे ४९ घन सेंटिमीटरची होते. म्हणजे फळाचा पाव हिस्सा, किंबहुना थोडा अधिकच. नळीचा व्यास दीडपट झाला की गेलेला भाग सव्वादोनपट होतो, कारण तो व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. चार सफरचंदे कोरली की एक सफरचंद केरात गेले! विकत घेताना रुंद नळी अधिक मजबूत दिसते, म्हणून पुष्कळजण तीच पसंत करतात. परंतु बहुतेक सफरचंदांच्या गाभ्यास दोन सेंटिमीटरच्या आसपासची नळी पुरते. एखाददुसरा चिवट पापुद्रा राहिलाच तर तो चाकूच्या टोकाने काढता येतो.

विळीची सवय आणि तळहात

आता सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे वळू. आपल्याकडे कापण्याची पिढीजात सवय विळीची आहे. विळीचे पाते स्थिर असते व फळ दोन्ही हातांत धरून पात्याकडे नेले जाते. फळकोरणीत हा क्रम नेमका उलटा असतो: फळ स्थिर आणि पाते चालते. विळीवर तरबेज असलेली व्यक्ती नवीन हत्यार घेते तेव्हा तिचा डावा हात सवयीने फळ तळव्यावर धरतो आणि उजवा हात नळी वरून दाबतो. नळी फळाच्या वरच्या भागात अडखळते, जोर वाढतो, आणि गाभा ओलांडताच विरोध एकाएकी संपून नळी खालच्या सालीतून आरपार जाते. तिच्या वाटेत तेथे तळहात असतो. तळहाताच्या त्वचेखाली बोटे हलविणाऱ्या स्नायुरज्जू व संवेदना वाहणाऱ्या नसा अगदी जवळून गेलेल्या असतात. तेथील खोल जखम बरी झाली तरी बोटाची हालचाल कायमची मंद होऊ शकते. म्हणून पुढील रीत पाळावी.

प्रथम फळ धुऊन पुसून कोरडे करावे. लाकडी फळी ओट्यावर अथवा जमिनीवरील पाटावर ठेवावी व ती सरकू नये म्हणून तिच्याखाली ओले फडके घालावे. फळ डगमगत असेल तर त्याच्या तळाची एक पातळ चकती कापून बैठक सपाट करावी. देठ मोडून टाकावा. फळ फळीवर उभे करून डाव्या हाताच्या बोटांनी त्याच्या कडेने धरावे. हाताचा कोणताही भाग फळाखाली असता कामा नये. नळीचे तोंड देठाच्या खळगीभोवती बरोबर मध्यावर टेकवावे आणि सरळ खाली, हळूहळू फिरवीत दाबावे. नळी फळाच्या दोनतृतीयांश खोलीपर्यंत गेली की थांबावे, ती काढून घ्यावी, फळ उलटे करावे व तळाच्या बाजूने पुन्हा नळी घालून पहिल्या छिद्रास मिळवावी. यामुळे खालची साल फाटत नाही आणि नळी एकाएकी आरपार जाण्याचा धोकाही टळतो. नळीत अडकलेला गाभा बोटाने ओढू नये. चमच्याच्या दांड्याने ढकलून काढावा.

इतके करूनही जखम झालीच, तर स्वच्छ वाहत्या पाण्याने धुऊन स्वच्छ कापडाने ती घट्ट दाबून धरावी व हात वर उचलून ठेवावा. जखम खोल असेल, बोट बधिर वाटत असेल अथवा वाकत नसेल, तर घरगुती उपचारांत वेळ न दवडता दवाखाना गाठावा. धनुर्वाताच्या लशीसंबंधीही तेथे विचारावे.

हाडाच्या कोरणीपासून पोलादापर्यंत

फळकोरणी ही कल्पना आजची नव्हे. इंग्लंडात व युरोपातील इतर देशांत मेंढीच्या पायाच्या हाडापासून सफरचंद कोरण्याची पळी बनवीत असत. हाड मुळातच पोकळ; त्याची एक बाजू तिरपी कापून घासली की अर्ध्या नळीसारखे हत्यार तयार होई. दात गेलेली वृद्ध माणसे तिने सफरचंदाचा गर खरवडून खात. श्रीमंतांकडे अशाच आकाराची चांदीची हत्यारे असत. साध्या लोखंडापेक्षा हाड व चांदी सोयीची, कारण फळातील आम्ल व टॅनिन यांच्याशी लोखंडाचा संयोग होऊन फळ काळे पडते व चवही बिघडते. लोखंडी कढईत शिजवलेला आवळा काळा होतो, हे आपल्या परिचयाचेच आहे.

ही अडचण न गंजणाऱ्या पोलादाने दूर केली. शेफील्ड येथे १९१३ मध्ये हॅरी ब्रिअर्ली यांनी सुमारे १३ टक्के क्रोमियम असलेले पोलाद तयार केले. त्यातील क्रोमियमचा हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन पृष्ठभागावर डोळ्यांस न दिसणारा पातळ थर बनतो, आणि तो आतील लोखंडाचे रक्षण करतो. तरीही नळीच्या सांध्यात अडकलेला गर कुजतोच. यास्तव वापर झाल्याबरोबर बारीक कुंचल्याने नळी आतून धुवावी व कोरडी करावी. लाकडी मूठ पाण्यात भिजत ठेवू नये.

कोरलेल्या फळाची काळजी

पोलाद कितीही चांगले असले तरी कोरलेले सफरचंद थोड्याच वेळात तपकिरी पडते. हा दोष हत्याराचा नव्हे. पेशी फुटल्या की त्यांतील एक विकर, फिनॉल जातीची द्रव्ये आणि हवेतील प्राणवायू एकत्र येतात व तपकिरी रंग तयार होतो. लिंबाच्या रसातील आम्लामुळे या विकराचे कार्य मंदावते, आणि क जीवनसत्त्व तो रंग बनू देत नाही. म्हणून कोरलेल्या भागास लिंबू चोळावे, अथवा फळ किंचित मीठ घातलेल्या पाण्यात ठेवावे. उकळत्या पाकात टाकल्यास उष्णतेने विकर नष्ट होते.

सफरचंदाच्या बियांसंबंधी थोडे सांगणे अवश्य आहे. त्यांत अमिग्डॅलिन नावाचे द्रव्य असते आणि बी चावली अथवा वाटली गेली असता त्यापासून विषारी हायड्रोजन सायनाइड अल्प प्रमाणात निर्माण होते. एकदोन बिया नकळत गिळल्या गेल्या तर भिण्याचे कारण नाही. परंतु बालकांसाठी सफरचंद वाटताना अथवा यंत्रात रस काढताना गाभा आधी काढावा, हे उत्तम.

अखंड राहिलेल्या फळाचे उपयोग अनेक आहेत. आडव्या चकत्या केल्यास सुकविण्यासाठी सुबक कडी मिळतात. पोकळीत गूळ, ओले खोबरे व वेलदोड्याची पूड भरून सफरचंद वाफवले तर मुलांना व आजारातून उठलेल्यांना रुचेल असा पदार्थ होतो.

शाळेत करून पाहण्याजोगे

शिक्षकांच्या देखरेखीखाली पुढील प्रयोग करता येतील. एक सफरचंद आडवे व एक उभे कापून त्यांची चित्रे काढावीत. शेजारी पेरूचेही काढावे. अखंड सफरचंद पाण्यात तरंगते का, ते पाहावे. त्याच्या घनफळाचा सुमारे पाव भाग हवेचा असतो, म्हणून ते तरंगते. दोन फोडींपैकी एकीस लिंबाचा रस लावून अर्ध्या तासाने दोहोंच्या रंगांची तुलना करावी. शेवटी, कोरलेला गाभा व उरलेले फळ तराजूत तोलून वाया गेलेल्या भागाचे शेकडा प्रमाण काढावे. कोरण्याचे काम मात्र मोठ्या माणसानेच करावे.

फळकोरणी घरात असलीच पाहिजे, असा आग्रह नाही. महिन्यातून एखादे सफरचंद येणाऱ्या घरात चाकू व चमचा पुरेसा आहे. परंतु ती घेतली असेल तर तिचा व्यास पाहून घ्यावी, धार राखावी, फळ फळीवर ठेवावे आणि हात धारेच्या वाटेतून दूर असावा. पेरूस अमरूद म्हणा, बिही म्हणा, त्याचा स्वाद तोच राहतो. पण त्यास नासपती समजून कोरू लागलो तर फळ हातचे जाते. नाव बाहेरच्या आकारावरून पडले असले, तरी हत्यार उचलण्यापूर्वी एक फळ कापून आतील रचना पाहावी.